उपाशी पोटीचं रक्त

माह्या तोंडाले लगाम नाही, सक्करदऱ्यात कोणालेही विचारा. बावीस वर्षं झाली, तलावाच्या मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये मी लोकायचं रक्त काढून राहिली. लोक म्हणतात, सुमतीबाईची सुई लागत नाही, जीभ लागते. मले ते आवडत होतं. घरी पाहुणे आले की मीच त्यायले हसून सांगत होती.

तर पियुषच्या डोक्यात रक्ताच्या नळ्यांचा स्टीलचा रॅक मी घातला. सहा टाके पडले त्याले. पोलिसातही मी ते कबूल केलं आणि त्याचं मले काडीचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटते. त्याच्या बायकोले, मिनलले, त्या आठवड्यात पहिला मार बसला तो त्याच्या हाताचा नव्हता. तो माह्या तोंडाचा होता.

सगळं एका शब्दापायी झालं. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून आहे, 'उपाशी पोटी या.' आता यात न समजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण निम्मे लोक उपाशी येत नाहीत, उपास करून येतात. साबुदाण्याची उसळ, वरून दाण्याचा कूट, राजगिऱ्याचा लाडू, एखादं केळ. अन् ढेकर देऊन मले सांगतात, "हो जी मॅडम, अन्नाचा कण नाही घेतला." बाप्पा! बावीस वर्षं हेच ऐकून माह्या डोक्याचा भुगा झाला होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता मिनल आली. तेवीस वर्षांची पोट्टी, आठवा महिना. सोबत सासू कांताबाई अन् नवरा पियुष. पियुष मिहानमधल्या एका गोदामात सुपरवायझर आहे, गळ्यातलं ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही काढत नाही. चिठ्ठी मेघा डॉक्टरची होती. शनिवारी पोरीचं बी.पी. वाढलेलं निघालं होतं. लिव्हर, किडनी, रक्तातली चरबी, लघवी, सगळं तपासा अन् रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी दाखवा, असं खाली लाल पेननं लिहून होतं. 'त्याच दिवशी'च्या खाली रेघ होती. मी ती वाचली होती.

सुई लावतानाच मले दिसलं, तिची बोटं टम्म फुगून होती. अंगठी मांसात रुतली होती. ती म्हणे, "मॅडम, डोकं लय दुखून राहिलं, डोळ्यापुढं ठिपके येतात."

"ते डॉक्टरले सांग, मी रक्त काढते," मी म्हटलं. रांगेत वीस लोक होते.

रक्त काढलं की आम्ही ते मशीनमध्ये गरगर फिरवतो. लाल खाली बसते, वर पाणी राहते, जवसाच्या तेलासारखं पिवळं अन् आरपार. दुसरी मशीन त्या पाण्यातून उजेड टाकते अन् आकडे काढते. मिनलच्या नळीत वर पिवळं नाही आलं, पांढरं आलं. दूध. निव्वळ सायीचं दूध. माणूस तेल-तूप खाऊन आला की असं होते, मंग उजेड आरपार जात नाही अन् एकही आकडा नीट येत नाही.

"काय खाऊन आली वं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"काहीच नाही मॅडम, उपास आहे," मिनल म्हणाली.

कांताबाई लगेच पुढं झाली. "मीच करून दिली ना साबुदाण्याची उसळ. अन् दाण्याचे दोन लाडू. दोन जीवांची बाई, नुसत्या पाण्यावर कशी राहील जी?"

मले हसू आवरेना. "अवं माय! उपाशी म्हणजे उपास नव्हे! उपाशी म्हणजे रिकाम्या पोटी. देवाले नाही दाखवायचं, मशीनले दाखवायचं आहे!" सगळी रांग हसली. कांताबाई पदर तोंडाले लावून हसली, मिनलही हसली. पियुष तेवढा हसला नाही. "माझी सुट्टी फुकट गेली," म्हणाला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'उपाशी नव्हती, परत.' डॉक्टरच्या मोबाईलवरही तेच टाकलं. एवीतेवी परत यायचंच आहे, तर लघवीही तेव्हाच दे, असं तिले सांगतलं. अन् रिपोर्टच नाही तर डॉक्टरकडे कायले जायचं, म्हणून तिथूनच ते घरी गेले.

मंगळवारी पियुषले सुट्टी भेटली नाही. बुधवारी आले. त्या दिवशी सकाळपासून लाईट ये-जा करून राहिली होती, मशीन उशिरा सुरू झाली, लोक माह्यावर खेकसून राहिले होते. मिनलची नळी मी मशीनमधून काढली अन् माहं टाळकंच फिरलं. पुन्हा पांढरी! सोमवारपेक्षा जास्त पांढरी!

नळी घेऊन मी बाहेर गेली. आतच बोलायचं ना, बाई! पण नाही. मी बेंचवरच्या सगळ्या लोकायपुढं ती नळी तिच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"मॅडम, रात्री आठपासून काही नाही खाल्लं मी. पाणीच प्यायली फक्त."

"मंग हे दूध कुठून आलं? आकाशातून पडलं?"

"खरंच नाही खाल्लं, मॅडम. आईले विचारा."

कांताबाई म्हणाली, "हो जी, माह्यासमोर होती. काही नाही खाल्लं." तिनं सुनेची बाजू घेतली होती, हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवते.

अन् मी काय म्हटलं? तो शब्द न् शब्द मले पाठ आहे. "तुम्ही झोपल्यावर चोरून खाल्लं असेल. रक्त खोटं नाही बोलत, कांताबाई. माणूस बोलते. असे खूप पाहिले मी. चोरून खातात अन् वरून तोंड करतात!"

पियुष उठला. मले वाटलं, नळी पाहायले येऊन राहिला. त्यानं मिनलच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती बेंचवरून सरकून भिंतीवर आदळली. पोटावर दोन्ही हात धरून होती, म्हणून तोंड सावरता आलं नाही. ओठ फुटला. "चोट्टी साली! लोकांत नाक कापते माझं!" अन् पुन्हा त्याच कानावर दुसरी. हात थांबत नव्हता त्याचा. तिसरी पडली तेव्हा कांताबाई मध्ये आली, तर तिलेही कोपर लागला.

बेंचवर पंधरा माणसं होती. चंद्रभान ऑटोवाला होता, दर महिन्याले शुगर तपासायले येते, चांगला धडधाकट गडी. तोही मोबाईलमध्ये पाहत बसला. अन् मी? मी, जिची जीभ लागते म्हणतात, ती सुमतीबाई काय बोलली? मी म्हटलं, "हे पाहा, तुमचं घरचं घरी करा. इथं पेशंट बसून आहेत."

घरचं घरी करा! मी त्याले परवानगीच दिली ना!

तो तिले दंडाले धरून ओढत घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "परवा आणतो मॅडम. पाहतोच कशी खाते ते." मी रजिस्टर उघडलं अन् पुन्हा तेच लिहिलं. उपाशी नव्हती, परत.

घरी काय झालं ते नंतर पोलिसांसमोर निघालं, पण इथंच सांगते. बुधवारी दुपारी त्यानं तिले मागच्या खोलीत कोंडलं अन् बाहेरून कुलूप लावलं. आत एक तांब्या पाणी. किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन ड्युटीवर गेला. संध्याकाळी कुलूप उघडलं तर तिनं कोपऱ्यात ओकारी केली होती. त्या ओकारीत अन्न आहे का, हे त्यानं काडीनं चिवडून पाहिलं. हिरवं पाणी होतं नुसतं. तर म्हणे, पचलं असेल. गुरुवारी ती बरगडीखाली आग होते म्हणून ओरडायले लागली, तर त्यानं तिथंच लाथ घातली. कांताबाई बाहेर दारापाशी बसून होती. दाराच्या फटीतून तिले पोळी सरकवता आली असती. पण तिनं नाही सरकवली, कारण मॅडम म्हणाली होती, चोरून खाते म्हणून.

शुक्रवारी सकाळी सात वाजताच ते दारात उभे होते. मी मिनलकडे पाहिलं अन् मान खाली घातली. तोंड इतकं सुजलं होतं की डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. डाव्या कानात कापूस, कापसाले पिवळं-लाल पाणी. मी तिले आत खुर्चीवर बसवलं. हात सुजलेला, शीर भेटत नव्हती. माह्या सुईनं पहिल्यांदा तिले दोनदा टोचलं. रक्त नळीत उतरायले लागलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, आज पिवळं येईल ना?"

काय सांगू तिले? "येईल, येईल," म्हटलं. लघवीची डबी दिली, तिनं भिंतीले धरून धरून जाऊन आणून दिली. पाच चमचे असेल नसेल, अन् चहासारखी काळपट. मंग बाहेर कांताबाईजवळ जाऊन बसली.

मशीन थांबली. मी नळी काढली. पांढरी.

आता मात्र मले राग आला नाही. मी लघवीत पट्टी बुडवली. त्या पट्टीवर छोटे छोटे रंगाचे चौकोन असतात. एक प्रोटीनचा, तो बघता बघता गर्द हिरवा झाला. लघवीत प्रोटीन असायलेच नको, अन् हे एवढं! त्याच्या बाजूचा एक चौकोन पोट रिकामं राहिलं की रंग बदलते. नवरात्रात निर्जळी उपास करणाऱ्या बायायचा थोडा गुलाबी होते. मिनलचा जांभळा झाला. वांग्यासारखा जांभळा. माह्या बावीस वर्षांत तसा जांभळा मी दोनदा पाहिला असेल.

पोरगी उपाशी होती. दोन दिवसांची उपाशी होती. अन् नळी तरी पांढरीच होती. म्हणजे ते खाल्लेलं नव्हतंच. बुधवारचंही नव्हतं.

मी मेघा डॉक्टरले फोन लावला अन् सगळं सांगतलं. ती ओरडलीच. "सुमतीताई, दुधासारखं आलं तर मला फोन का नाही केला तुम्ही? गरोदरपणात रक्तातली चरबी वाढतेच, बी.पी.च्या या आजारात आणखी वाढते. एखादीचं रक्त उपाशी पोटीही पांढरंच निघतं. मी समजत होते पोरगी खाऊन येते आहे, तुम्ही तसंच लिहिलं! लिव्हर बिघडत असणार तिचं. आत्ताच्या आत्ता पाठवा, आहे तशी. झटके येतील तिला. पोर अन् आई, दोघंही जातील."

फोन ठेवला. नळी एप्रनच्या खिशात लपवली, ही माही अक्कल. एका हातात कालच्या नळ्यांनी भरलेला रॅक होता, तो टेबलावर ठेवायचाही राहून गेला, तसाच घेऊन मी बाहेर पळाली.

"पियुष, गाडी काढ. हिले दवाखान्यात न्यायचं आहे. आत्ताच."

"नळी कुठं आहे?"

"नळी मरू दे. ही उपाशीच आहे रे बाबा, लघवीत दिसून राहिलं. आजार आहे हा. माही चूक झाली."

"नळी दाखवा." माह्या खिशातून त्यानं ती स्वतःच ओढून काढली. उजेडात धरली. त्याच्या तोंडावर मी जे पाहिलं ते कोणत्या बाईले पाहायले न भेटो. "तुम्हीच म्हटलं ना मॅडम, रक्त खोटं नाही बोलत?" अन् त्यानं नळी फरशीवर आपटली. मिनलच्या केसांचा बुचडा मुठीत धरला, तिले बेंचवरून खाली ओढलं. ती गुडघ्यावर पडली, पोट हातांच्या आत घेऊन. "कोणी दिलं तुले खायले? बोल! कोणी दिलं?" त्यानं पाय मागं घेतला. बुटाचं टोक कुठं लागणार होतं ते सगळ्यायले दिसत होतं.

मी रॅक दोन्ही हातांनी उचलला अन् त्याच्या टाळक्यात घातला. पूर्ण जोरानं. चाळीस नळ्या होत्या त्याच्यात. काचा उडाल्या, आख्ख्या सक्करदऱ्याचं रक्त त्याच्या तोंडावरून, ओळखपत्रावरून खाली वाहिलं, अन् मंग त्याचं स्वतःचं त्याच्यात मिसळलं. तो बसला खाली. उठायले लागला तर मी अजून एक घातला. "भैताडा! ती मरून राहिली!" मी ओरडली. रॅक वाकडा झाला. तिसरा घालत होती, तर रिपोर्ट न्यायले आलेल्या चंद्रभाननं माहा हात धरला. "सुमतीबाई, तिकडं पाहा."

मिनलची मान एका बाजूले वळली होती. डोळे पांढरे झाले होते. अंग लाकडासारखं ताठ झालं अन् मंग हातपाय आपटायले लागले. टाचा फरशीवर काचांमध्ये आपटत होत्या. जीभ दातांत सापडली, तोंडातून लाल फेस आला. कांताबाईनं पायातली चप्पल काढली अन् तिच्या नाकाले लावायले धावली. "हुंगवा, हुंगवा, फेफरं आलं!" मी ती चप्पल हिसकून दारातून बाहेर फेकली. पोरीले डाव्या कुशीवर वळवलं. डोक्याखाली माहा दंड दिला. तोंडातलं रक्त बोटानं काढत राहिली.

चंद्रभाननं तिले उचललं. बुधवारी मोबाईल पाहत बसलेला तोच चंद्रभान. ऑटोत ती अर्धी माह्या मांडीवर, अर्धी कांताबाईच्या. तीन सिग्नल त्यानं तोडले. दुसरा झटका ऑटोतच आला, तिसरा दवाखान्याच्या दारात.

पाऊण तासात पोट फाडून पोरगी बाहेर काढली. तेराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली, बोटं काडीएवढी. मिनल तीन दिवस शुद्धीवर नव्हती. पियुषले पोलिसांनी दवाखान्यातूनच नेलं, टाके घालून. मी ठाण्यात जबाब दिला. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही रॅकचं सांगता ते ठीक, पण बुधवारचं कायले लिहून देता, तुमच्यावरच येईल. मी म्हटलं, लिहा. पहिली चापट मारली तेव्हा मी तिथंच होती, अन् ती काहून मारली हेही लिहा. लॅबच्या मालकानं मले घरी बसवलं. बसवू दे.

पेटीतल्या पोरीले पाहायच्या काचेपाशी कांताबाई उभी राहत होती. चौथ्या दिवशी मी तिच्या बाजूले जाऊन उभी राहिली. तिनं माह्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मी तर तिच्यावर भरोसा ठेवला होता मॅडम. तुम्ही म्हटलं, म्हणून मोडला. तुम्ही शिकलेल्या ना." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी मिनलले वॉर्डात आणलं. बारा खाटा, प्रत्येकीजवळ नातेवाईक, डबे, थर्मास. मी तिच्या उशाशी गेली. डोळे उघडे होते, तोंडाची सूज उतरली होती, आता कुठं ती तेवीस वर्षांची दिसत होती. मी खाली वाकली अन् तिच्या कानाशी हळूच म्हटलं, "माही चूक झाली, पोरी. तू खरं बोलत होती."

तिनं माह्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मंग खरखरत्या आवाजात म्हणाली, "रक्त घ्यायचं आहे का मॅडम? मी सकाळपासून काही नाही खाल्लं. खरंच. सिस्टरले विचारा."

पिशवीत तिच्यासाठी मुगाचं कढण होतं. तसंच हातात राहिलं.

"नाही वं माय, रक्त नाही घ्यायचं. मी आत्ता काय म्हटलं, ते नाही ऐकलं का?"

"त्या कानानं ऐकू येत नाही आता," मिनल म्हणाली. "इकडून बोला."

मी खाटेले वळसा घातला. उजव्या बाजूले गेली. पुन्हा वाकत होती, तेव्हाच मनात आलं, सुमते, चोरून खाते म्हणताना तू वाकली होती का? पंधरा लोकायपुढं उभी राहून ओरडली होती ना? अन् आता कानात सांगते?

मी सरळ उभी राहिली. माह्या त्याच आवाजात, जो तलावापर्यंत जाते म्हणतात, मी ओरडून बोलली, "मिनल, तू चोरून नाही खाल्लं! तू उपाशी होती! तू खरं बोलत होती अन् मी खोटी होती!"

बाराच्या बारा खाटांवरून माना वळल्या. सिस्टर धावत आली. दारात कांताबाई डबा घेऊन उभी होती, ती तिथंच थांबली.

मिनलनं दाराकडे पाहिलं. "आईले ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हटलं.

"अजून एकदा म्हणा."

मी अजून एकदा म्हटलं.